पाव फेरा

कार्बोरेटरमध्ये वीज नसते, सेन्सर नसतो, बाहेर ऊन किती आहे हे त्याला सांगणारं कुणी नसतं. त्याला कळतो तो फक्त दाब. इंजिनाचा दट्ट्या खाली जातो, हवा आत ओढली जाते, अरुंद गळ्यातून जाताना ती वेग घेते. वेग वाढला की तिथला दाब उतरतो, आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल पितळी जेटमधून वर चढून त्या हवेत मिसळतं. एवढ्याशा गोष्टीवर जगातल्या मोटारी जवळपास शंभर वर्षं चालल्या.

मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते. डॅनियल बर्नुलीनं १७३८ साली मांडलेला हाच विचार दरवर्षी बारावीच्या वर्गात फळ्यावर लिहिते. अरुंद गळ्याच्या नळीची आकृती काढते, ती नळी ज्याच्या नावानं ओळखली जाते त्या जोव्हानी बात्तिस्ता व्हेंच्युरीचं नाव सांगते, आणि उपयोग म्हणून 'कार्बोरेटर' हा शब्द लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळते. ह्या एका शब्दाच्या आत काय काय आहे ते कळायला मला प्रीमियर पद्मिनी घ्यावी लागली.

गाडी १९८२ची. रेल्वे लाइन्समधल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात कापड पांघरून उभी होती. हँडगिअर, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, १०८९ सीसीचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद. ह्या गाडीचं आणि सोलापूरचं नातं इथल्याच पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून सांगते. ती जिथे बनली त्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद. त्यांचा जन्म सोलापूरचा, १८८२चा. जहाजं, विमानं आणि मोटारी ह्या देशात बनल्या पाहिजेत असं पारतंत्र्यात म्हणणारा आणि तिन्हींचे कारखाने उभे करायला निघालेला हा माणूस. प्रीमियरची स्थापना १९४४ची. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग फियाटशी करार, आणि फियाट ११००चीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला माहीत. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. मला त्या हळहळीपेक्षा दुसराच प्रश्न पडला होता. ह्या गाड्या ज्यांच्या कानांवर चालत होत्या, त्या कानांचं काय?

असा एक कान अशोक चौकाच्या बाजूला, यंत्रमागांच्या खटखटाटात, पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. मेस्त्रींचं घर तेलुगू बोलणारं, पद्मशाली. धंद्याची भाषा सोलापुरी मराठी, रागावले की दखनी. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे मुकादम, होते. गिरणीचं नुसतं नाव घेतलं तरी मेस्त्री सरळ बसतात. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालू असताना एखाद्या साच्याचा ठेका बिघडला तर जॉबरला तो ओळीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून कळायचा, असं ते सांगतात. मी ते खरं मानते, कारण मुलाचा कान मी स्वतः पाहिला आहे. शेजारच्या शेडमध्ये माग धडधडत असताना, बॉनेटवर हात टेकवून ते तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, म्हणजे चुकलेला ठोका, ओळखतात.

"मला ट्यूनिंग शिकायचंय," म्हटल्यावर त्यांनी वर पाहिलं नाही. "शिका की. पण कार्बोरेटरला हात लावायचा नाय."

बराच काळ तसंच चाललं. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. मग ठिणगीसाठी करंट तोडणारे पॉइंट, मग प्लगचा गॅप, मग टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. सिलिंडरला ठिणगी मिळण्याचा क्रम १-३-४-२, तो पाठ झाला. मेस्त्रींचं म्हणणं असं की लोक ज्याला कार्बोरेटरचा आजार म्हणतात तो निम्म्याहून जास्त वेळा करंटचा असतो. पॉइंट जळलेले, कंडेन्सर मेलेला, आणि गिऱ्हाईक स्क्रू फिरवून फिरवून कार्बोरेटरची वाट लावतं. जे आधी पक्कं करता येतं ते पक्कं करून घ्यावं, म्हणजे उरलेल्या आवाजाचं कारण एकच राहतं. प्रयोगशाळेत मी मुलांना हेच सांगते: एका वेळी एकच राशी बदला. ही शिस्त त्या तेलकट शेडमध्ये माझ्या प्रयोगशाळेपेक्षा कडक पाळली जाते, आणि हे मी पूर्ण आदरानं लिहिते आहे.

मग एकदाचा कार्बोरेटर उतरवला. सोलेक्स कंपनीचा, एका गळ्याचा, हवा वरून खाली घेणारा. टेबलावर जुनं धोतर अंथरून मेस्त्रींनी तो सुटा केला. फ्लोट, सुई, मेन जेट, स्लो जेट, पिकअपच्या पंपाचा पडदा. जेटवर आकडा कोरलेला असतो. १२० म्हणजे भोक १.२० मिलिमीटरचं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेली ही भोकं तारेनं टोकरायची नाहीत, हा तिथला पहिला नियम. पितळ मऊ असतं, तार फिरली की आकडा खोटा ठरतो. फक्त हवेचा झोत मारायचा.

सुटा केलेला तो कार्बोरेटर पाहताना मला जे दिसलं ते पाठ्यपुस्तकात नाही. बर्नुलीची साधी नळी वापरून कार्बोरेटर बनवला तर तो चालतच नाही. म्हणजे एका वेगाला चालतो, दुसऱ्याला नाही. इंजिनाचा वेग वाढत गेला की गळ्यातली हवा विरळ होत जाते. पेट्रोल मात्र द्रव, त्याची घनता तीच. त्यामुळे जितकं जोरात जावं तितकं पेट्रोलचं प्रमाण वाढत जातं आणि गाडी काळा धूर टाकायला लागते. ह्यावर सोलेक्सची युक्ती अशी: मेन जेटच्या वरच्या अंगाला, भोकं पाडलेल्या एका बारीक नळीत, वरून मोजकी हवा सोडायची. ओढ वाढली की पेट्रोलची पातळी खाली जाते, नळीची जास्त भोकं उघडी पडतात, जास्त हवा पेट्रोलमध्ये मिसळते आणि प्रमाण पुन्हा जागेवर येतं. स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त करणारी ही रचना बिनविजेची आहे. ती नळी हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मेस्त्री म्हणाले, "मॅडम, खाली पडली तर मिळत नाय आता."

पिकअपच्या पंपाचंही तसंच. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की हवा लगेच धावते, पेट्रोल जड, ते मागे राहतं. त्या क्षणभरात मिश्रण इतकं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल इतकं कमी पडतं, की गाडी गचका खाते. म्हणून एक छोटा पडदा त्याच क्षणी कच्च्या पेट्रोलची पिचकारी गळ्यात मारतो. जडत्वाचा नियम आणि त्यावरचा इलाज, दोन्ही बोटभर जागेत.

आता स्क्रू. ट्यूनिंग म्हणतात ते शेवटी दोन स्क्रूंवर येतं. एक गाडीचा स्लो ठरवतो, म्हणजे पाय न लावता ती किती फिरेल ते. दुसरा मिश्रणाचा. सोलेक्सवर तो आत घेतला की मिश्रण पातळ, बाहेर काढला की दाट. (आरएक्स १०० मोटारसायकल चालवलेली मुलं इथे हमखास उलटं फिरवतात, कारण त्यांच्या कार्बोरेटरवरचा स्क्रू हवेचा असतो. तो आत घेतला की हवा कमी होऊन मिश्रण दाट होतं.) इंजिन पूर्ण तापलेलं हवं, चोक पूर्ण उघडलेला हवा, आणि कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगमधून गाडी हवा ओढत नसावी. मेस्त्री ते रबरी नळीचं एक टोक कानाला लावून, दुसरं सांध्यावरून फिरवून तपासतात. गळती असेल तिथे सूं ऐकू येतं.

मला वाटलं होतं, योग्य जागा कुठे आहे हे ते दाखवतील. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी बिघडवा."

स्क्रू हळूहळू आत घ्यायचा. काही वेळ काहीच होत नाही. मग आवाजाची लय तुटते, मधूनच एखादा ठोका गळतो, सायलेन्सरमधून नियम नसलेली फुसफूस येते, गाडी थरथरते. आणखी आत, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फट् करून उलटा भडका. ती झाली पातळ बाजूची हद्द. आता बाहेर. गाडी सावरते, फेरे वाढतात, आवाज गोल होतो. तिथे थांबायचा मोह होतो, पण थांबायचं नाही. आणखी बाहेर. आता ठोके जड पडतात, आवाज ठरावीक अंतरानं वर-खाली होतो, सायलेन्सरपाशी डोळे चुरचुरतात. ही दाट बाजूची हद्द. दोन्ही हद्दी पाहून झाल्या की त्यांच्या मधली जागा शोधायची. तिच्यावर काही खूण नसते. 'बंद करून दीड फेरा उघडा' असं छापील पुस्तक सांगतं, पण ती फक्त सुरुवात. ह्या इंजिनाची, ह्या झिजलेल्या स्पिंडलची, आजच्या हवेची जागा ह्या दोन बिघाडांच्या मधोमध कुठेतरी असते, आणि दोन्हीकडे बिघडवून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही.

हे मला फार मोठं वाटलं. आम्ही शिक्षक मुलांना बरोबर उत्तर दाखवतो आणि त्याच्या आसपास फिरू देत नाही. बरोबर म्हणजे नेमकं किती बरोबर, ते कुठे संपतं, पलीकडे काय सुरू होतं, हे न पाहिलेलं मूल उत्तर लिहू शकतं, पण एखादी अट बदलली की अडखळतं. मेस्त्रींकडे काम शिकणारा कुठलाही पोरगा असा अडखळत नाही. त्याला दोन्ही हद्दी आवाजानं माहीत असतात.

काही दिवसांनी मी व्हॅक्यूम गेज आणला. कार्बोरेटरखालच्या नळीला तो जोडला की इंजिन किती जोरानं हवा ओढतं ते पाऱ्याच्या इंचांत दिसतं. मिश्रण नेमकं असेल तिथे काटा सर्वांत वर जातो आणि स्थिर राहतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यातून दीडेक इंच वजा धरावा लागतो, तेवढं सोडलं तर हिशोब सरळ. मेस्त्रींनी कानानं लावलेल्या गाडीला मी गेज जोडला. मे महिन्याची दुपार होती, पारा बेचाळीसच्या पुढे, शेडचे पत्रे तापलेले. काटा जवळजवळ वर होता, पण अगदी वर नव्हता. स्क्रू थोडा आत घेतल्यावर अगदी वर गेला. म्हणजे त्यांनी गाडी किंचित दाट ठेवली होती.

मी सांगितलं. ते गेजकडे बघून म्हणाले, "बराबर हाय तुमचा काटा. पण आत्ता दुपार हाय, मॅडम. गाडी तुम्ही संध्याकाळी न्यायच्या. तवा ती आपोआप खाली येती."

घरी जाऊन हिशोब केला. दुपारी बेचाळीस अंश, रात्री चोवीस धरले, तर हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. गार झालेलं पेट्रोलही थोडं घट्ट होतं, पण हवेइतकं नाही. कार्बोरेटरमधलं प्रमाण दोन्ही घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळानुसार बदलतं. सगळं मांडल्यावर निघालं ते असं की दुपारी लावलेली गाडी रात्री साधारण दोन टक्के पातळ होते. मेस्त्रींनी तेवढीच मोकळीक ठेवली होती. त्या दोन टक्क्यांना स्क्रूचा किती फेरा लागतो हे कुठल्या समीकरणातून निघत नाही. ते त्यांच्या मनगटात आहे. पाव फेऱ्याच्या आतलं अंतर.

मला इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. अशा माणसांच्या ज्ञानाला आपण 'अनुभव' म्हणतो, 'अंदाज' म्हणतो, कौतुकानं 'जुगाड' म्हणतो. हे तिन्ही शब्द अपुरे आहेत. दोन टोकं तपासून मधली जागा ठरवणं, बाकीच्या राशी आधी बांधून घेणं, तापमानाची दुरुस्ती आधीच मोजून ठेवणं, ह्याला मापन म्हणतात. उपकरण कान आहे म्हणून ते कमी शास्त्रीय होत नाही. प्लगसुद्धा असंच उपकरण. गाडी चांगली दहा-बारा मैल पळवून प्लग काढायचा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तांबूस रंग आला तर मिश्रण ठीक, पांढरट पडला तर पातळ, काजळी धरली तर दाट. चार प्लग, चार सिलिंडरांचे चार अहवाल.

पण गणितानं काहीच केलं नाही असंही नव्हे. गेल्या काही काळात मेस्त्रींकडे जुन्या गाड्या एकसारखी तक्रार घेऊन यायला लागल्या. पिकअप नाही, गचके खाते, घाटात गरम होते. मेस्त्री पॉइंट पाहत, टायमिंग पाहत, सगळं ठीक. "पेट्रोलच बदललंय," एवढं ते म्हणाले आणि थांबले. बदललं होतंच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. दोन्ही मिसळून आकडा साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनच्या नव्या गाडीला सेन्सर हे सांगतो, ती जास्त इंधन सोडते. आमच्या कार्बोरेटरचं भोक जुन्या पेट्रोलसाठी पाडलेलं. तो तेवढंच सोडतो आणि गाडी पातळ चालते. स्क्रूनं हे भागत नाही, कारण मिश्रणाचा स्क्रू फक्त स्लोपुरता. रस्त्यावर मेन जेटचं राज्य.

शेडमधल्या कॅलेंडरच्या पाठीवर मी मांडून दाखवलं. सुमारे ८ टक्के जास्त इंधन हवं. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून व्यास चार टक्क्यांनी वाढवला की पुरे. १२०च्या जागी १२५. मेस्त्रींनी डब्यातून जेट शोधून काढला, भिंगाखाली आकडा वाचला, बसवला. पिकअपच्या पंपाचा पडदाही बदलला, कारण इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनोन्महिने गाडी उभी ठेवणाऱ्यांनी वाटीतलं पेट्रोल काढून टाकलंच पाहिजे, नाहीतर आत हिरवा-पांढरा गंज धरतो.

मग तुळजापूर. सोलापुरातून निघालं की रस्ता बराच वेळ सपाट, आणि शेवटी बालाघाटाचा चढ. तोच खरा तपास. घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबून धरला, गचका नाही. वर पोचल्यावर, देवीच्या दर्शनाआधी, रस्त्याकडेला प्लग काढून फडक्यावर मांडले. चौघांचा रंग जवळपास एक. तिसरा जरा फिका. मेस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "तिसऱ्याचा टॅपेट बघू उद्या."

उन्हाळ्यात एक त्रास उरतोच. गाडी धावून थांबली की इंजिनाची उष्णता वर चढते, वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि गळ्यात सांडतं. पाचेक मिनिटांनी चालू करायला जावं तर गाडी भिजलेली. तेव्हा ॲक्सिलरेटर पंपासारखा मारायचा नाही. पूर्ण दाबून धरायचा आणि तसाच सेल्फ मारायचा, म्हणजे नुसती हवा खेळून आतलं पेट्रोल उडून जातं. आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपावर ओलं फडकं. सात रस्त्यावर, भर दुपारी, हे फडकं मी बाटलीतल्या पाण्यानं भिजवते तेव्हा लोक थांबून विचारतात, आणि मला सांगायला आवडतं.

कार्बोरेटर संपला असं म्हणणाऱ्यांनी आमच्या शहरात एक चक्कर मारावी. मोटारी केव्हाच इंजेक्शनवर गेल्या, पण मोटारसायकली २०२०पर्यंत बहुतांश कार्बोरेटरवरच येत होत्या. हुरडा विकायला येणारा शेतकरी, मागावरून सुटून घरी निघालेला कामगार, दुधाच्या किटल्या लटकवलेला गवळी, सगळ्यांच्या बुडाखाली अजून एक वाटी, एक सुई आणि दोन जेट आहेत. हे शिकलेल्या पोराला सोलापुरात कामाची कमी पडत नाही. शिकवणारे मात्र कमी होत चाललेत, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

यंदा बर्नुली शिकवताना मी खराब झालेला एक सोलेक्स वर्गात नेला. मुलांनी तो हातोहात फिरवला, बोटं काळी केली. रविवारी ज्यांना यायचं ते शेडमध्ये आले. त्यांत एक मुलगी होती, तिच्या घरी चादरीचे माग आहेत. मेस्त्रींनी तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. तिनं स्क्रू जरासा आत घेतला, आवाज अडखळला, तशी तिनं घाबरून हात मागे घेतला.

"मॅडम, बंद पडेल."

"पडू दे."

तिनं आणखी आत घेतला. गाडी थरथरली, फट् करून बंद पडली. शेजारच्या शेडमध्ये माग चालूच होते. तिनं स्क्रू आधीच्या जागी आणला, मेस्त्रींनी किल्ली फिरवली, गाडी लागली, आणि ह्या वेळी तिनं न विचारता स्क्रू दुसऱ्या बाजूला फिरवायला घेतला.